बटणाखालचा दोरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिही. आधी तारीख घाल — फौजदारबाईंनी सांगितलंय, तारखेशिवाय कशालाच किंमत नाही. घातलीस? आता हे घे — शुक्रवारी भरदुपारी आमच्या घरात चोर शिरला. माझ्या चार सोन्याच्या बांगड्या घेऊन गेला आणि जाता जाता माझा उजवा हात मोडून गेला. झालं! चोरीची गोष्ट एवढीच. पुढचं सगळं पोलिसांचं.

फौजदारबाई म्हणाल्या, "आजी, तपास लांबतो. वर्षाने कोर्टात उभं करतील तेव्हा तुम्हाला काय आठवणार? रोज घडेल ते, आठवेल ते, तारीख घालून लिहून ठेवा." मी म्हटलं, बाई, मला माझं नावसुद्धा लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग कुणाला तरी सांगा, ते लिहितील."

कुणाला तरी म्हणजे आमच्या कारकुनाला. माझा मुलगा. नोंदणी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसतो, लोकांचे अर्ज लिहून देतो. वय एकावन्न. अक्षर मोत्यासारखं. डोक्यावर केस — हे लिहू नको म्हणतो. लिही! त्याच्या धंद्याचा एकच नियम, सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. गिऱ्हाइकांना म्हणतो, "मी फक्त हात. जीभ तुमची." तर आजपासून मी गिऱ्हाईक. फुकटची.

आईला अक्षरओळख नाही आणि मुलगा अक्षरांवर जेवतो. असो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज शुक्रवारचं सांगते. बाई म्हणाल्या तसं, काही न गाळता.

जेवण झालं की मी खाली मास्तरांच्या दुकानात जाते. मास्तर शर्ट शिवतात, मी काज-बटण करते. तीस वर्षं झाली. पाच वाजेपर्यंत वर यायचं नाही हे ठरलेलं. त्या दिवशी तीनच्या सुमाराला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ संपलं. मास्तर म्हणाले, "राहू द्या, उद्या आणू." मला कुठला धीर! वरच्या कपाटात एक रीळ आहे म्हणून जिना चढले.

दार नुसतं लोटलेलं. कुलूप कडीला लटकत होतं, उघडं. मी कुलूप लावून गेले होते. लावलंच होतं. हे दोनदा लिही.

आत पडदा ओढलेला. कपाटापाशी एक माणूस पाठमोरा. डोक्यावर टोपी, तोंडावर रुमाल बांधलेला, कारण गाठ मानेवर दिसत होती. हातात माझा बटणांचा डबा, ज्याच्या तळाशी मी बांगड्या ठेवते. ओरडायला हवं होतं ना? शहाणी बाई ओरडली असती. मी काय केलं — मागून जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली! बहात्तराव्या वर्षी!

त्याने अंग झटकलं. मी शिवणाच्या मशीनच्या लोखंडी पायावर पडले. हाताचा आवाज मला ऐकू आला, सुकी काडी मोडावी तसा. बटणं सगळ्या खोलीभर. तो दारात थांबला. क्षणभरच. वळला नाही, पण थांबला. मग गेला. एक शब्द बोलला नाही.

अंगाला इस्त्रीचा वास होता. गरम कापडाचा. तेवढं लक्षात आहे.

माझ्या डाव्या मुठीत काहीतरी राहिलं होतं. मास्तर धावत आले, शेजारी आले, मग पोलीस आले. हवालदाराने माझं एकेक बोट उघडलं आणि बटण काढून घेतलं. मी चष्मा शोधतेय तोवर पाकिटात गेलं, वर लाख लागली, दोन शेजाऱ्यांच्या सह्यासुद्धा झाल्या. माझ्या मुठीतली वस्तू सगळ्या दुनियेने पाहिली, मी सोडून.

कारकून म्हणतो, बास आई, थकलीस. मी कुठे थकले? थकलेला दिसतोय तो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारी जबाब झाला, तो राहिलाच सांगायचा. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, आणि मी पोलीस ठाण्याच्या बाकावर साडेतीन तास. समोरच्या भिंतीवरची पाल माझ्याआधी आत जाऊन आली.

जबाब घेतला तो घाईच्या हवालदाराने. तेच त्याचं नाव. पाणी पितानाही घड्याळ बघतो. त्याने विचारलं, कुलूप लावलं होतं का? लावलं होतं. नक्की? नक्की. वयामुळे विसरायला होतं का? होतं, तुमचा प्रश्न मघाशी हाच होता हे मात्र विसरले नाही. तो हसला नाही.

"किल्ल्या किती?"

"चार. माझी, मुलाची, सुनेची. चौथी खाली इस्त्रीवाल्याच्या खिळ्याला. सून कामावर, मी दुकानात, मग इस्त्रीचे कपडे आणून ठेवणार कोण?"

"वास कसला म्हणालात?"

"इस्त्रीचा."

तो लिहीत सुटला. मी पाहत होते. माझं बोलणं संपलं तरी त्याचं लिहिणं चालूच! मी दोन वाक्यं सांगावीत आणि त्याने पाऊण पान भरावं. मग भराभर वाचून दाखवलं, आगगाडीची घोषणा वाचतात तसं. म्हणाला, "बरोबर ना? द्या अंगठा." उजवा प्लास्टरमध्ये म्हणून डावा दिला.

अंगठा देणाऱ्याला एक सवय लागते. समोरचा थांबला की अंगठा पुढे करायचा. आयुष्यभर तेच केलंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्त्रीवाल्याला धरून नेलं. सकाळी, कोळसा पेटवायच्या आत. सूनबाई म्हणाली, "बघा, मी म्हणतच होते." ती काहीच म्हणत नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

तक्रारीची नक्कल आणि माझ्या जबाबाचा कागद कारकून घेऊन आला. नक्कल फुकट मिळते, मागायची मात्र लागते. फौजदारबाईंनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कोण सांगतंय!

मी म्हटलं, वाच. वाचला. त्यात एक ओळ आली — "सदर घराची एक किल्ली इस्त्रीवाल्याकडे असते व चोराच्या कपड्यांना इस्त्रीचा वास येत असल्याने माझा त्याच्यावर दाट संशय आहे."

पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा तेच.

मी असं कधी म्हटलं? किल्ली त्याच्याकडे असते म्हटलं. वास इस्त्रीचा म्हटलं. या बिल्डिंगमध्ये इस्त्रीचा वास कुणाच्या कपड्यांना येत नाही? सगळे त्याच्याकडेच तर देतात! दाट संशय! मला तो शब्द बोलतासुद्धा येत नाही. त्याच्या खाली माझा अंगठा आहे, निळा, गोल, बावळट.

मी म्हटलं, चल आत्ता ठाण्यात, खोडायला लावू. कारकून खाली बघून म्हणाला, "आई, पोलीस असंच लिहितात. तपासात निघेल खरं काय ते. तू कशाला त्रास करून घेतेस."

दुसऱ्याचा शब्द बदलला की याच्या अंगाची आग होते. कचेरीतल्या एका वकिलाने अर्जातलं एक अक्षर बदललं तर तीन दिवस जेवला नव्हता. आज म्हणतो, असंच लिहितात.

मोठा झालाय, दुसरं काय.

१० फेब्रुवारी, सोमवार

मला घराबाहेर जाऊ देत नाहीत. दाराला साखळी लावली, वर दुसरं कुलूप. त्याची एक किल्ली सूनबाईच्या पर्समध्ये, एक अडीअडचणीला मास्तरांकडे. "आई, तुमच्या काळजीपोटीच हो." असेल. पण चोर मोकळा हिंडतोय आणि कुलूपबंद कोण आहे, तर मी आणि इस्त्रीवाला.

खोलीत अजून तो करडा रंग आहे. बोटांचे ठसे घ्यायला पावडर टाकली ती कपाटावर, मशीनवर, माझ्या उशीच्या अभ्र्यावरसुद्धा. पुसायची नाही असं सांगून गेले. दहा दिवस झाले, कुणी परत आलं नाही. मी काळ्या हातांच्या चोरासारखी माझ्याच घरात फिरते.

खिडकीतून खाली दिसतं. इस्त्रीचं टेबल उलटं करून भिंतीला लावलंय. अख्खी बिल्डिंग चुरगळलेली! तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आज असे निघाले जसे रात्रभर बादलीत बसले होते. माणसाला आत टाकायला सगळे तयार, पण शर्टाची घडी मोडली की हळहळतात.

एवढ्या कपड्यांतून कुणाचं कुठलं हे तो कसं ओळखायचा, आता सांगते. कुणाच्या कॉलरला शाईचा ठिपका, कुणाच्या बाहीला गाठ. आमच्या घराची खूण मीच केलेली आहे. शर्टाच्या सगळ्यात खालच्या बटणाच्या पोटात तांबड्या दोऱ्याचे तीन वेढे, मग वरून पांढरा. बटण वर उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाही. तो नुसता अंगठा घालून बघायचा आणि म्हणायचा, "तांबडा दोरा, आजींचं घर!" कपडे कधी बदलले नाहीत. ही खूण त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक. घरातल्यांनाही नाही. पुरुष बटणं लावतात, बघत नाहीत.

काय रे? पेन का थांबलं?

शाई संपली म्हणतो. डॉटपेनची!

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठाण्यात फोन लावला. साहेब राउंडवर. दुपारी लावला. साहेब जेवायला. चारला लावला. राउंडवर! एवढं फिरून माणूस जेवणार नाही तर काय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फौजदारबाई घरी आल्या. मीच हट्ट धरला होता. साखळी काढली, त्या खुर्चीवर बसल्या आणि आधी विचारलं, "हात कसा आहे?" तेरा दिवसांत पहिल्यांदा पोलिसांच्या तोंडून हा प्रश्न.

मी सांगितलं, जबाबात मी न बोललेलं घुसडलंय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, जबाब फाडता येत नाही. पण पुरवणी जबाब देता येतो. मी स्वतः घेईन, इथे, तुमच्या घरी. हळू वाचून दाखवीन. पटलं तरच अंगठा."

मी म्हटलं, मग घ्या आत्ताच. लिहा, इस्त्रीवाला नव्हे.

"कशावरून? चेहरा पाहिलात?"

"नाही."

"मग?"

"तो असता तर मिठीत कळलं असतं. त्याच्या कमरेला माझे दोन्ही हात पोचणार नाहीत!"

त्या हसल्या, पण लिहिलं नाही. म्हणाल्या, "आजी, नुसतं नाही म्हणून भागत नाही. कारण लागतं. तुमच्याकडे काही भक्कम असेल तर मला बोलवा, कधीही. नसेल तर तो जामिनासाठी उभा राहील, पुढचं कोर्ट बघेल." मग म्हणाल्या, "सोमवारी ठाण्यात या. ते बटण तुम्हाला दाखवायचं राहिलंय. बटणातल्या तुम्ही जाणत्या."

जाताना दाराकडे बघून म्हणाल्या, "कुलूप तोडलेलं नव्हतं, हो ना?" कुणाला म्हणाल्या कळलं नाही. मी आणि कारकून, दोघंही तिथे होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

इस्त्रीवाल्याची बायको आली. दार तसंच, साखळीएवढंच उघडलं. त्या फटीतून तिचा एक डोळा आणि अर्धं तोंड.

"आजी, तुमच्या अंगठ्याने माझा माणूस आत गेला."

मी म्हटलं, अगं, मी तसं सांगितलं नव्हतं गं.

"मग कुणी सांगितलं? तुमच्या अंगठ्याने आपणहून?"

सूनबाई पुढे झाली, "हे बघा, तपास चालू आहे, आम्ही काही बोलू शकत नाही." कुठून शिकली कोण जाणे, अगदी घाईच्या हवालदारासारखं! ती बाई म्हणाली, "वहिनी, सोळा वर्षं तुमची किल्ली आमच्या खिळ्याला होती. एक दिवस तरी काही गेलं का?" सूनबाईच्या हाताने दार लागलं.

ती बराच वेळ जिन्यात बसून होती. मला आतून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मधे एक लाकडी फळी. साखळी काढायला हात गेला तो डावा. डाव्याने ती निघत नाही. उजवा असता तरी काढली असती का, देव जाणे. तिला देण्यासारखं माझ्याकडे काय होतं? नुसतं "तो नव्हे". कारण नसलेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बटण दाखवलं. मी म्हटलं, बटण बटणासारखं असतं.

डोकं दुखतंय. आज एवढंच.

कारकुनाने दोनदा विचारलं, "अजून काय म्हणाले?" काही नाही म्हटलं ना!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज कपड्यांच्या घड्या करायला बसले. एका हाताने. शर्टाची घडी एका हाताने होत नाही, तो नुसता गुंडाळला जातो. सूनबाईला विचारलं, तो निळ्या रेघांचा शर्ट बऱ्याच दिवसांत धुण्यात आला नाही गं. ती म्हणाली, "असेल कुठेतरी, आई. तुम्हाला एवढं सगळं घडून शर्टाचं काय पडलंय?" तिला खरंच माहीत नाही. तिचा चेहरा काच आहे, पलीकडचं सगळं दिसतं.

संध्याकाळी नातीचा फोन. कारकुनाची एकुलती लेक, नर्सिंगला आहे, लांबच्या गावी. "आजी, हात कसा आहे? आणि माझं वसतिगृहाचं झालं बरं का! बाबांनी सगळं भरलं, आता परीक्षेला बसू देतायत." मी म्हटलं, शाब्बास. खूप शिक. हात मोडलेल्या बायका तुझी वाट बघतायत. ती हसली. मीही हसले.

बांगड्या तिच्याच होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिची शेवटची परीक्षा झाली की माझ्या हाताने तिच्या हातात घालायच्या, असं ठरवून ठेवलं होतं मी. माझी हौस.

आणखी एक आठवलं ते सांगते. लिही. गेल्या महिन्यात, मास्तरांच्या दुकानात. मी, मास्तर, सूनबाई, दोन गिऱ्हाइकं. कारकून आला, उगाच काउंटरवरचा टेप गुंडाळत उभा राहिला. मग म्हणाला, "आई, त्या बांगड्यांचं जरा बोलायचं होतं." आणि मी काय म्हणाले? "एवढा घोडा झालास, अजून आईच्या हातातलं हवं का? अर्ज लिहून आण, अंगठा देते!" सगळे हसले. मास्तरांना तर ठसका लागला. तोही हसला. हसताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून.

पुन्हा त्याने विषय काढला नाही. माझी जीभ अशी आहे. शिवणाऱ्या बाईच्या तोंडात सुई असते तशी. बहुतेक वेळा कुणाला टोचत नाही.

आज हे का आठवलं? सहज.

वाचून दाखव म्हटलं तर म्हणतो, उद्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज काही सांगायचं नाही. कारकून वही घेऊन बसला, मी भिंतीकडे तोंड करून. अर्धा तास. दोघांपैकी कुणी उठलं नाही. शेवटी म्हणाला, "आई, नुसती तारीख घालू?"

घाल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ती पुन्हा आली, इस्त्रीवाल्याची बायको. सूनबाई कामावर, कारकून कचेरीबाहेर. मास्तरांना हाक मारून मी कुलूप उघडायला लावलं, त्यांनी फटीतून हात घालून साखळी काढली आणि मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. आज तिचा आवाज खाली होता. मला तेच जास्त लागलं.

म्हणाली, "भेटायला सोडलं मला. ते बारीक झालेत. म्हणाले, आजींना जाऊन एवढंच विचार, बटणाखाली पाहिलंत का?"

मी तिच्यासमोरचा पेला पुन्हा भरला.

"साहेबांनी पाकीट त्यांनाही दाखवलं. हे तुझ्या शर्टाचं का म्हणून. त्यांनी पाहिलंय, आजी. अंगठा घालून बघायची गरज पडली नाही म्हणाले, बटण उलटंच पडलं होतं."

"मग बोलला का नाही साहेबांना?"

"कोण ऐकणार? आतल्या माणसाने दुसऱ्याचं नाव घेतलं की म्हणतात, हा वाचायला बघतोय. आणि समजा ऐकलं — परत याच जिन्याखाली बसायचंय आम्हाला. तुमच्या घरातल्या माणसाचं नाव घेऊन बसणार कसे?" मग तिने डोळे पुसले. "सोमवारी कोर्ट आहे. तोवर गप्प बसतो म्हणाले. आजींच्या तोंडून येऊ दे. नाही आलं तर मग मी बोलतो, इलाज नाही."

मी तिचा हात धरला. डाव्या हाताने. म्हटलं, त्याला सांग, पाहिलंय. गेल्या सोमवारी ठाण्यात बघितलं तेव्हाच. एवढंच सांग.

हे सगळं आत्ता संध्याकाळी सांगतेय, जसंच्या तसं. कारकून लिहितोय, जसंच्या तसं. धंद्याचा नियम! अक्षर बघितलं मी — मला वाचता येत नाही, पण मोती आणि वाटाणे यांतला फरक कळतो.

त्याने वही मिटली आणि पाणी प्यायला गेला तो बराच वेळ नळ चालूच राहिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सावकाश लिही. आजचं महत्त्वाचं आहे.

सकाळी मी फौजदारबाईंना फोन केला. मास्तरांच्या फोनवरून. म्हटलं, माझ्याकडे कारण आहे. पुरवणी जबाब द्यायचाय. त्या म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता येते. कुणाला बरोबर बसवायचंय का?" मी म्हटलं, बघू, कोण घरात असेल ते.

मग मी त्यांना एक विचारलं. म्हटलं, बाई, अशिक्षित आहे, सांभाळून घ्या. धरून आणलेला माणूस आणि आपल्या पायांनी आलेला माणूस, तुमच्या कागदावर सारखेच का? त्या जरा थांबल्या. हुशार बाई. "नाही आजी, सारखे नाहीत. आपणहून आला, वस्तू कुठे आहे ते सांगितलं, तर कोर्टही ते बघतं. शिक्षा टळत नाही. पण ते वेगळं दिसतं."

शब्द बदलू नकोस. ते वेगळं दिसतं. लिहिलंस?

आता माझं. मी तीन आठवडे या खोलीत कोंडलेली आहे. आधी वाटलं साखळीने. मग वाटलं त्या हवालदाराच्या कागदाने. सोमवारी ते बटण पाहिलं आणि कळलं, आपणच वळलेल्या दोऱ्याने. तीन वेढे. अडकवावं म्हणून नाही वळले, आपला माणूस गर्दीत हरवू नये म्हणून वळले.

मी बोलले तर एक घर मोडतं. नाही बोलले तर दुसरं. दुसऱ्या घराचा काही दोष नाही, म्हणून उद्या अकराला मी बोलणार. डावा अंगठा देणार. त्या कागदावर मी सांगितलेलंच असेल.

तर मी अजून वाट का बघतेय? विचार मला. नाही विचारत? मग ऐक. आईला वाटतं, मुलाचा अर्ज मुलाने लिहावा. आईच्या तोंडून लिहून घेऊ नये.

आणि हेही घाल — त्या दिवशी दुकानात मी जे बोलले ते चुकलं. मास्तरांसमोर बोलले, तर माफीही मास्तरांसमोर मागेन. चोर दारात थांबला होता, ते मी विसरलेले नाही. पडलेल्या बाईसाठी थांबला. मग घाबरला. माणूस घाबरतो.

वाचून दाखव.

वाचलं. शेवटपर्यंत. आवाज कुठे तुटला ते सांगत नाही, ते आमच्या दोघांतलं.

आता उद्या सकाळी दहा वाजेपर्यंतची वेळ तुझी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर बदललंय. हे सूनबाई लिहितेय, सांगतेय मीच. वेलांट्या चुकल्या तर ती रडतेय म्हणून समजावं.

सकाळी साडेआठला त्याने पेटीच्या तळातून निळ्या रेघांचा शर्ट काढला. तीन आठवडे तिथेच होता, चुरगळून बोळा झालेला. अंगात घातला. खालचं बटण नव्हतं. मी म्हटलं, थांब रे, असा जाऊ नकोस, मास्तरांकडून लावून घेते.

तो म्हणाला, "नको आई. ठाण्यात तो असाच लागेल."